नैसर्गिक हिरा घेताना पैसे कशात घालायचे?

गारगोटी

तुळशीचं लग्न लागलं की ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. "तू हिऱ्यांतच काम करतेस ना, मग सांग कुठला घेऊ?" मी बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्समध्ये एका पेढीत असॉर्टिंग करते. पांढरा कागद, दिवा, चिमटा आणि दहापट मोठं दाखवणारी लूप घेऊन आलेल्या मालाची रंगाप्रमाणे, स्वच्छतेप्रमाणे वाटणी करायची, हे माझं काम. फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते. विषय नैसर्गिक हिऱ्यांचा, आणि तोही दागिन्यात घालण्यापुरता.

पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "व्हीव्हीएस मिळेल ना?" म्हणजे आतला दोष जवळपास न दिसणारी वरची प्रत. आपल्याकडे कॅरेट (वजन), रंग, क्लॅरिटी (आतली स्वच्छता) आणि कट (पैलूंची घडण) या चारांपैकी क्लॅरिटीला सगळ्यात जास्त मान आहे. माझं ठाम मत असं की पहिला प्रश्न कटचा असला पाहिजे. बोटात घातलेल्या हिऱ्याकडे समोरच्याचं लक्ष जातं ते कटमुळे, आणि दुकानात ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं तोही कटच.

खाणीतून निघालेला कच्चा हिरा हातात दिला तर कित्येकांना तुरटीचा खडा वाटेल. चमक येते ती पैलू पाडल्यावर. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२ आहे, काचेच्या कितीतरी वर. त्यामुळे वरून आत शिरलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर येऊ शकतो, पण कोन बरोबर असतील तरच. गोल ब्रिलियंटला ५७ पैलू असतात, खालच्या टोकालाही एक पाडला तर ५८. त्यांच्या कोनांचं गणित मार्सेल टॉल्कोव्स्की यांनी १९१९ साली मांडलं: खालचे पैलू ४१ अंशांच्या जरा अलीकडे, वरचे साडेचौतीसच्या आसपास. आजचे चांगले कट याच्या जवळपासच फिरतात. खालचा भाग उथळ राहिला तर वरच्या सपाट पैलूत, म्हणजे टेबलात, कडेचं पांढुरकं वर्तुळ दिसतं. त्याला फिशआय म्हणतात. फार खोल झाला तर मधोमध काळोख बसतो, तो नेलहेड. दोन्हींत उजेड खालून किंवा बाजूने निसटून जातो.

मग असे हिरे घासतात तरी कशाला? वजनासाठी. कच्च्या हिऱ्यातलं जास्तीत जास्त वजन वाचवलं की भाव जास्त मिळतो. हे वाचवलेलं वजन पोटात नाहीतर गर्डलच्या, म्हणजे हिऱ्याच्या कडेच्या पट्ट्याच्या, जाडीत असतं, म्हणजे वरून दिसतच नाही. नीट घासलेला एक कॅरेटचा गोल हिरा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास भरतो. पोट सुटलेला एक कॅरेट ६.२ मिलिमीटरचाही असतो. पैसे कॅरेटचे मोजायचे आणि बोटात दिसायचा ८५-९० सेंटचा (शंभर सेंटचा एक कॅरेट). म्हणून वजनाबरोबर मिलिमीटरमधलं माप विचारा. हिऱ्याच्या तपासणीच्या रिपोर्टवर ते छापलेलं असतं.

दुकानातल्या छतावरच्या प्रखर बारीक दिव्यांखाली जवळपास प्रत्येक हिरा लखलखतो. तिथे फैसला करू नका. हिरा हातात घेऊन दाराशी किंवा खिडकीशी जा, मग साध्या ट्यूबलाइटखाली बघा. त्यानंतर स्वतःच्या अंगाची सावली त्यावर पडू द्या आणि सावकाश हलवा. चांगला कट सावलीतही जिवंत राहतो, काळे-पांढरे तुकडे ठसठशीत दिसतात आणि जागा बदलतात. वाईट कट सावलीत करडा पडतो, कडा मेलेल्या दिसतात. शेजारी दोन हिरे ठेवले तर हा फरक नवख्यालाही कळतो.

रंगाचं थोडक्यात. जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेची श्रेणी डीपासून झेडपर्यंत. डी, ई, एफ रंगहीन, जी ते जे जवळपास रंगहीन, पुढे पिवळसर झाक वाढत जाते. आम्ही रंग बघताना हिरा पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवतो, कारण सरळ ठेवला की चमक रंग झाकते. दागिन्यात तो कायम सरळच असतो. त्यामुळे पिवळ्या सोन्यात आय-जे खुशाल घ्या. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये जी-एच पुरे.

वजनात एक व्यवहारी गोष्ट. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे १०० सेंट. अर्धा कॅरेट आणि पूर्ण कॅरेट या आकड्यांवर दर कॅरेटचा भाव एकदम उडी मारतो. ९२-९५ सेंटचा चांगल्या कटचा हिरा डोळ्यांना कॅरेटसारखाच दिसतो आणि बराच स्वस्तात पडतो. असे हिरे कमी असतात, कारण घासणारेही कॅरेट गाठायला बघतात, पण मागितले तर मिळतात.

क्लॅरिटीबद्दल मुद्दाम शेवटी. विचारा, जमेल तसं लिहीन.

मुळशीकर

उत्तम धागा. क्लॅरिटीचंच विचारतो. आमच्याकडे 'डाग असलेला हिरा लाभत नाही' हे वडीलधाऱ्यांचं पक्कं मत. व्हीव्हीएसच्या खाली गेलो तर डाग दिसतो का?

गारगोटी

मुळशीकर, नुसत्या डोळ्यांनी नाही. क्लॅरिटीची सगळी प्रतवारी दहापट मोठं करून होते. व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि आय या उतरत्या प्रती, आणि पुढचा आकडा १ असेल तर २ पेक्षा बरा. व्हीव्हीएसमधला दोष दहापटीतही सरावलेल्या माणसाला शोधावा लागतो. व्हीएसमधला लूपखाली सापडतो, पण साध्या डोळ्यांना बहुतेक कधीच नाही. एसआयमधला लूपखाली सहज दिसतो आणि काही हिऱ्यांत साध्या डोळ्यांनाही. आय प्रतीत दोष उघड दिसतो.

त्यामुळे अर्धा कॅरेटच्या अंगठीसाठी मी घरच्यांना व्हीएस२ सांगते, आणि स्वतः बघून घेणार असाल तर एसआय१ सुद्धा. एसआयमध्ये ग्रेडपेक्षा दोष कुठे आहे ते महत्त्वाचं. टेबलाखाली मधोमध काळा ठिपका असेल तर नको, तोच ठिपका पैलूंमध्ये प्रतिबिंबित होऊन चार ठिकाणी दिसतो. कडेला असेल तर प्राँगखाली, म्हणजे हिरा धरणाऱ्या सोन्याच्या नखीखाली, झाकता येतो. पांढरं ढगाळ काही असेल तर हिरा एकूणच मंद दिसतो, रिपोर्टच्या शेऱ्यांत ढगाचा उल्लेख असेल तर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि फेदर म्हणजे आतली चीर गर्डलपर्यंत आली असेल तर तो हिरा रोजच्या अंगठीत नको, कानात चालेल.

लाभण्या-न लाभण्याबद्दल वडीलधाऱ्यांशी वाद घालणार नाही. राशीचा हिरा घेणारे स्वच्छ हिरा मागतात, त्यांनी व्हीव्हीएस घ्यावा. मग वजन कमी करा, पण कट सोडू नका.

निशिगंध

मुलाचा साखरपुडा माघात आहे. सूनबाईंसाठी अंगठी करायची आहे, एकच हिरा, रोज घालता येईल अशी. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर हातांचं काम. ओव्हल आवडतो म्हणते. गोल की ओव्हल?

गारगोटी

निशिगंधताई, ओव्हल लांबट असल्यामुळे त्याच वजनात मोठा दिसतो आणि दर कॅरेटला गोलपेक्षा सहसा स्वस्त असतो. पण ओव्हल, पेअर, मार्कीज या लांबट आकारांत मधोमध आडवी काळी सावली पडते, बो-टाय म्हणतात. थोडी असतेच, ठळक असेल तर आयुष्यभर डोळ्यांत सलते. रिपोर्टवरच्या आकड्यांवरून ती कळत नाही, हिरा नाहीतर त्याचा व्हिडिओ बघावाच लागतो. गोलात कटचा ग्रेड मिळतो, त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याला गोल सोपा. रिपोर्टवर कट, पॉलिश, सिमेट्री तिन्हींपुढे एक्सलंट बघा.

सातारकर

एक सरळ प्रश्न. लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला, हिरा रासायनिक, भौतिक, दिसायला, सगळ्या बाबतीत हिराच आहे. तोच कार्बन, तोच कडकपणा. खाणीच्या नावाखाली कितीतरी पट पैसे का मोजायचे? मी बायकोला लॅबचे दोन कॅरेटचे टॉप्स घेतले, आम्ही दोघंही खूश आहोत.

तापीकाठ

सातारकर, वहिनींना आवडले हेच खरं. मी मूळचा अमळनेरचा, सुरतेत कारखान्यात प्लॅनिंगला आहे. कच्च्या हिऱ्यातून काय आणि किती काढायचं ते स्कॅन करून ठरवतो. आमच्याकडे दोन्ही माल येतात. घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या यंत्रावर, बसणारा कारागीर तोच, चकती तीच, पॉलिशही तसंच. हातात घेऊन 'हा खाणीचा, हा लॅबचा' असं सांगणारा माणूस मी इतक्या वर्षांत पाहिला नाही. सोनाराकडचा पेनासारखा टेस्टरही सांगू शकत नाही, कारण तो उष्णता किती लवकर वाहून जाते ते मोजतो आणि दोन्हींत ती सारखीच वाहते. मोइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडासुद्धा जुन्या टेस्टरला फसवतो. हिऱ्यावर फुंकर मारून बघणं तर सोडूनच द्या.

फरक कळतो तो नायट्रोजनवरून आणि वाढीच्या खुणांवरून. जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा जास्त खोलीवर, अब्जावधी वर्षांपूर्वी तयार झालेल्या बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत थोडा नायट्रोजन असतो आणि इतक्या काळात त्याचे अणू एकमेकांजवळ येऊन गट करून बसतात. सीव्हीडीने (वायूतून थर चढवून) किंवा एचपीएचटीने (प्रचंड दाब आणि उष्णता देऊन) काही आठवड्यांत वाढवलेल्या हिऱ्यात हे गट नसतात. तपासणीची यंत्रं तेच शोधतात. शंका आली की तो दाणा बाजूला पडतो आणि तपासणीच्या लॅबकडे जातो.

गारगोटी

तापीकाठ यांना पूर्ण अनुमोदन. सातारकर, तुमच्याशी माझं भांडण नाही. लॅबचा हिरा खोटा नाही, आणि मोठा, चमकदार दागिना हवा असेल, पुढे विकायचा विचार नसेल तर तो चांगला पर्याय आहे. मी नैसर्गिकाबद्दल लिहिते कारण तो घेणाऱ्याला जास्त पैसे मोजून चुकीची गोष्ट मिळण्याचा धोका जास्त. नैसर्गिक हिरा दुर्मीळ आहे, पुन्हा तयार होणार नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या द्यायच्या वस्तूत अनेकांना तेच मोलाचं वाटतं. लॅबच्या हिऱ्याचं उत्पादन हवं तितकं वाढवता येतं, म्हणून गेल्या काही वर्षांत त्याचे भाव फार पडले. नैसर्गिकाचेही उतरलेत, पण तेवढे नाहीत.

माझा आग्रह एकच आहे: जे विकलं ते सांगून विकलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १८३२३ हेच सांगतं, नुसतं 'डायमंड' म्हटलं तर तो नैसर्गिकच असला पाहिजे, लॅबचा असेल तर तसं लिहायला हवं. ग्राहकाने बिलावर 'नैसर्गिक हिरे' असे शब्द लिहून घ्यावेत. मोठ्या हिऱ्याला रिपोर्ट असतो, काळजी करायची ती मंगळसूत्राच्या वाटीतल्या आणि नेकलेसमधल्या एक-दोन सेंटच्या बारीक हिऱ्यांची. त्यांचा प्रत्येकी रिपोर्ट कोणी काढत नाही. तिथे पूर्ण दागिन्याचा तपासणी रिपोर्ट मागा आणि पेढीने बारीक माल मशीनवर तपासून घेतला आहे का ते सरळ विचारा. चांगल्या पेढीला या प्रश्नाचा राग येत नाही.

सातारकर

मान्य. लिहून विकायचं हे दोन्ही बाजूंनी खरं. माझ्या बिलावर 'लॅबग्रोन' असं स्पष्ट लिहिलं आहे. पण तुमचा दुर्मिळतेचा मुद्दा मला अजून पटलेला नाही, दुर्मीळ असणं आणि सुंदर असणं वेगळं.

अबोली

माझा प्रश्न जरा वेगळा. आजेसासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या माझ्याकडे आल्या आहेत. एकेका कुडीत सात हिरे, मागून सोन्याने पूर्ण बंद. हिरे आजच्यासारखे चकाकत नाहीत, जरा धुरकट, पण दिव्याखाली वेगळीच सुंदर झळाळी येते. एका पेढीत दाखवल्या तर म्हणाले मोडीत काढा, हिरे जुने आहेत, किंमत येणार नाही, त्याच सोन्यात नवे टॉप्स करा. मन होत नाहीये. काय करू?

कोंदणकार

अबोलीताई, मोडू नका. मी कोल्हापूरच्या गुजरीत बसतो, वडिलांपासून जडावाचं काम आहे. मागून बंद असलेल्या जुन्या कोंदणात हिऱ्याच्या खाली चकचकीत पत्र्याची पातळ पट्टी घालायचे, तिला डांक म्हणतात. त्या काळी तेल-वातीच्या उजेडात हिरा उठून दिसावा म्हणून ही युक्ती. दिव्याखाली तुम्हाला दिसते ती झळाळी त्याचीच.

एक काळजी घ्या. अशा कुड्या पाण्यात बुडवू नका, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर अजिबात घालू देऊ नका. पाणी आत शिरलं की डांक काळी पडते आणि हिरा मंद दिसू लागतो. कदाचित तुमच्या कुड्यांचा धुरकटपणा त्यामुळेच असेल. कापूस किंचित ओलसर करून वरून पुसा, लगेच कोरडं करा. जाणकार जडाईवाला असेल तर एकेक कोंदण उघडून, डांक बदलून पुन्हा बसवता येतं. काम वेळखाऊ आहे पण होतं. फिरकीचे आटे घासलेले असतील तर तेवढी नवी करून घ्या, कुडी हरवते ती बहुतेक त्यामुळे.

गारगोटी

कोंदणकारदादा, फार मोलाचं लिहिलंत. अबोली, अजून एक. "हिरे आजच्या कटमध्ये पुन्हा घासून देतो" असं कोणी म्हटलं तरी नको. जुने हिरे वजन राखून घासलेले असतात, आजचे कोन द्यायचे तर बरंच वजन जातं. इतके बारीक हिरे अगदी नगण्य उरतील. मी वर नव्या खरेदीसाठी कटचा आग्रह धरला. जुन्या हिऱ्याला आजचा नियम लावायचा नसतो, तो हाताने, मेणबत्तीच्या उजेडासाठी घासलेला आहे आणि त्याचं मोल तसंच राहू द्यावं.

नाशिककर

वजन जाण्यावरून आठवलं म्हणून थोडं विषयांतर. आमच्या त्र्यंबकेश्वराच्या देवळातला हिरा, ज्याला इंग्रजीत 'नासक' म्हणतात, तो गोवळकोंड्याच्या मुलखातला. पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ च्या सुमारास, तो इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनला विकला गेला. मूळचा ९० कॅरेटच्या आसपास होता, पुन्हा पुन्हा घासून आज ४३.३८ कॅरेट उरलाय. कोहिनूरचंही तेच, १८५२ मध्ये लंडनला घासला तेव्हा १८६ कॅरेटवरून १०५ वर आला. आपल्याकडच्या कारागिरांनी दगडाचं वजन जपलं, युरोपला चमक हवी होती. आम्हा नाशिककरांना आजही त्या हिऱ्याबद्दल वाटायचं ते वाटतंच.

मुळशीकर

आता पैशाचं बोलू. हिऱ्याचा दागिना परत विकायला गेलं की सोन्याइतके पैसे येत नाहीत असा अनुभव घरात आहे. मग याला गुंतवणूक म्हणायचं का? आणि बिलात नेमकं काय बघायचं?

ताळेबंद

मुळशीकर, गुंतवणूक म्हणू नका. मी अशी बिलं रोज बघतो, म्हणून लिहितो. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, हिऱ्याचा येत नाही, कारण प्रत्येक हिरा वेगळा. तुम्ही किरकोळीचा भाव देऊन घेता आणि विकताना घाऊक भावाच्याही खाली विकावा लागतो. पेढीची परत घेण्याची किंवा बदलून देण्याची अट असेल तर ती तोंडी नको, बिलावर हवी: किती टक्के, आजच्या भावाने की खरेदीच्या, रोख की फक्त बदली.

बिलात चार गोष्टी वेगळ्या मांडलेल्या हव्यात. सोन्याचं निव्वळ वजन आणि त्याची शुद्धता, हिऱ्यांची संख्या आणि एकूण कॅरेट, घडणावळ, आणि या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. 'एकूण दागिना अमुक रुपये' असं एका ओळीचं बिल घेऊ नका. लोकांचं लक्ष हमखास चुकतं ते वजनावर. पाच कॅरेट हिरे म्हणजे एक ग्रॅम. दागिना काट्यावर २१ ग्रॅम भरला आणि त्यात पाच कॅरेट हिरे असतील तर सोनं २० ग्रॅमचंच लावलं पाहिजे. नाहीतर हिऱ्याच्या वजनाला सोन्याचेही पैसे जातात.

हॉलमार्क बघा, पण तो सोन्याचा आहे हे ध्यानात ठेवा. हिऱ्याचे दागिने बहुतेक १८ कॅरेट सोन्याचे, म्हणजे ७५० शिक्क्याचे, किंवा १४ कॅरेटचे, ५८५ चे असतात. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. त्यावरून हिऱ्याबद्दल काहीही कळत नाही.

मुळशीकर

धन्यवाद. आमच्या त्या दागिन्याला पेढीचंच छापील कार्ड होतं, त्यावर 'व्हीव्हीएस-ईएफ' लिहिलेलं. दुसरीकडे दाखवलं तेव्हा व्हीएस-एच सांगितलं.

गारगोटी

म्हणूनच विकणाऱ्याच्या कार्डावर भिस्त नको. जी स्वतः हिरे विकत नाही अशा तपासणीच्या लॅबचा रिपोर्ट हवा. जीआयए आणि आयजीआय या दोन्हींच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. रिपोर्टचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की तपशील समोर येतो. तो कागदाशी, आणि कागद हिऱ्याशी जुळवायचा. बऱ्याच हिऱ्यांच्या गर्डलवर हाच नंबर लेझरने कोरलेला असतो, लूपखाली वाचता येतो. विकणाऱ्याला सांगा, मला वाचून बघायचा आहे. सुटा हिरा असताना केलेली प्रतवारी जास्त भरवशाची. दागिन्यात बसवलेल्या हिऱ्याचा रंग आजूबाजूच्या सोन्यामुळे नेमका लावता येत नाही, म्हणून तिथे 'एफ-जी' अशी जोडी लिहितात.

फ्लुओरेसन्सही तिथेच दिसेल. पाव ते एक तृतीयांश हिरे अतिनील किरणांत चमकतात, बहुतेक निळे. बाजारात त्यामुळे भाव थोडा कमी होतो. आय-जे रंगात मध्यम निळा असेल तर मी तो आनंदाने घेईन, उन्हात हिरा उलट पांढरा दिसतो. स्ट्राँगमध्ये क्वचित दुधाळपणा येतो, तेव्हा उन्हात नेऊन बघा.

अबोली

एक विचारू? हे सगळं वाचताना 'ब्लड डायमंड' डोक्यात येतं. नैसर्गिक घेताना त्याचं काय?

तापीकाठ

ताई, असे हिरे रोखण्यासाठीची आंतरराष्ट्रीय व्यवस्था, किंबर्ली प्रोसेस, २००३ पासून लागू आहे. कच्चे हिरे एका देशातून दुसऱ्यात जाताना सरकारी प्रमाणपत्र आणि सीलबंद पेटी लागते. भारत त्यात आहे. पण तिची व्याख्या मर्यादित आहे, बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारे हिरे एवढीच. खाणीतल्या मजुरांची स्थिती त्यात येत नाही. खाण कोणती हे सांगणारे हिरे काही कंपन्या विकतात, ते हवे असतील तर विचारावं लागतं. आणि आपल्या देशातली पन्ना जिल्ह्यातली मझगवांची खाण एनएमडीसीची, सरकारी. तिथला माल लिलावाने विकतात, पण तो थोडा.

निशिगंध

सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळालं. सूनबाईंना घेऊन दोन पेढ्या बघितल्या. ओव्हलचे तीन पाहिले, तिघांतही मध्ये काळं दिसलं, म्हणून ती स्वतःच गोलावर आली. आता दोन हिरे बाजूला ठेवायला सांगितले आहेत, दोन्हींना जीआयए. पहिला ७१ सेंट, जी, व्हीएस२, तिन्ही एक्सलंट, व्यास ५.७५, खोली ६१.५ टक्के. दुसरा ८० सेंट, एफ, व्हीव्हीएस२, कट गुड, व्यास ५.८३, खोली ६५ टक्के, गर्डल थिक. दुसरा अर्थातच बराच महाग. पेढीतले म्हणतात दुसरा 'वरच्या प्रतीचा'. यजमानांचाही कल त्याच्याकडे, एकदाच घ्यायचं तर भारी घेऊ म्हणतात.

गारगोटी

ताई, मिलिमीटर बघा. नऊ सेंट जास्त आणि व्यासात फरक फक्त ०.०८. बोटात तो कोणाला दिसणार नाही. नीट घासलेला ८० सेंटचा हिरा सहाच्या अगदी जवळ भरायला हवा होता. वाढलेलं वजन ६५ टक्के खोलीत आणि जाड गर्डलमध्ये गेलंय, आणि खोली इतकी म्हणजे मध्ये काळसर दिसण्याचीही शक्यता. एफ आणि जीमधला फरक अंगठीत सरळ बसवल्यावर मलाही लूपशिवाय सांगता येणार नाही. व्हीव्हीएस२ आणि व्हीएस२ मधला तर नाहीच. म्हणजे जास्तीचे पैसे अशा तीन गोष्टींसाठी आहेत ज्या दिसणार नाहीत, आणि जी दिसते ती कमी दर्जाची.

पहिला घ्या. यजमानांना दोन्ही हिरे एकदा सावलीत शेजारी ठेवून दाखवा, ग्रेड न सांगता. उरलेल्या पैशात याच दर्जाचा ७५-७६ सेंटचा मिळतोय का तेही विचारा.

कोंदणकार

अंगठीबद्दल माझं थोडं. हातांचं काम करणारी मुलगी आहे तर हिरा उंच बसवू नका. चारऐवजी सहा प्राँग घ्या, किंवा सोन्याची पातळ कड चारी बाजूंनी येईल असं कोंदण करा, हातमोज्यात अडकत नाही. हिरा सगळ्यात कडक खरा, पण त्याला फुटीच्या ठरावीक दिशा असतात. कडेला नेमका घाव बसला तर टवका उडतो. ऐरणीवर ठेवून घणाने परीक्षा करायच्या समजुतीपायी कितीतरी खरे हिरे चुरा झाले असतील.

मालिश करताना, कणीक मळताना अंगठी काढून ठेवायला सांगा. हिऱ्याला तेल-तूप पटकन चिकटतं आणि खालची बाजू मळली की चमक जाते. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, एवढं पुरतं. उघड्या कोंदणाला पाणी चालतं, अबोलीताईंच्या कुड्यांसारखं नाही. डब्यात इतर दागिन्यांबरोबर टाकू नये, हिरा सगळ्यांना ओरखडतो. वर्षातून एकदा सोनाराकडे प्राँग तपासून घ्या. पुढे कधी अंगठी सैल-घट्ट करायची वेळ आली तर सांगून ठेवा की आच देण्याआधी हिरा काढावा किंवा नीट झाकावा. उघड्या ज्योतीत हिरा वरून जळून पांढुरका होतो, मग पुन्हा घासण्यावाचून इलाज नाही.

बसवायला देताना एक नक्की करा. हिरा सुटा असतानाच गर्डलवरचा नंबर लूपखाली वाचून कागदाशी जुळवा आणि कारागिराला सांगा की नंबरावर प्राँग येऊ देऊ नको. अंगठी घ्यायला जाल तेव्हा तो पुन्हा वाचून घ्या आणि मगच बाकीचे पैसे द्या. पूर्ण कोंदण केलंत तर नंबर झाकला जाईल, म्हणून नंबर उघडा हवा असेल तर सहा प्राँगच करा.

निशिगंध

सहा प्राँग पक्के. शनिवारी दोन्ही हिरे सावलीत ठेवून बघायला यजमानांना घेऊन जाते.